बालवाङ्मयातील सृष्टी आणि माळावरची नावे

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक गोष्ट आणि गीत यांपाशीच बहुधा थांबतात. मुलांस झाडे, पाखरे व प्राणी यांची ओळख करून देणारे लेखन हा ह्या वाङ्मयाचा जुना पण दुर्लक्षित प्रवाह होय. विनायक कोंडदेव ओक यांनी 1881 साली ‘बालबोध’ मासिक काढले, त्यात चरित्र व कविता यांच्या जोडीने शास्त्रीय विषयांनाही जागा होती. पुढे 1906 मध्ये वासुदेव गोविंद आपटे यांचे ‘आनंद’ आले. 1928 साली पुण्यात निघालेले ‘सृष्टिज्ञान’ केवळ मुलांसाठी नव्हते. तथापि शास्त्र मराठीत सांगता येते, हा विश्वास त्याने दृढ केला. ह्या लेखनाची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्यातील मूल बहुधा बसून वाचणारे आहे. उठून बाहेर जाणारे नाही.

वस्तू हाती आली की पुस्तकाचा अर्थ पालटतो, याचे सर्वपरिचित उदाहरण सालिम अली यांचे आहे. 1908 च्या सुमारास छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली, गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी घेऊन हा मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सोसायटीचे चिटणीस डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती ओळखली, त्याला संग्रहातील पक्षी दाखविले व वाचावयास पुस्तके दिली. हेच मिलार्ड पुढे भारतीय वृक्षांवरील एका ग्रंथाचे सहलेखक झाले. आधी पाखरू, नंतर ग्रंथ, हा क्रम येथे ध्यानी घेण्याजोगा आहे. हाच क्रम ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्याच्या किनारपट्टीत वेगळ्या कारणाने स्वीकारला. 1945 मध्ये बोर्डी येथे आरंभ झालेले त्यांचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर वाढले. गुरे वळणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली गेली आणि बिया, पाने, खडे, शिंपले हीच शिक्षणाची साधने झाली. दारिद्र्यातून निघालेली ही पद्धती आज शहरांत महागड्या संचांच्या रूपाने परत येत आहे. असो.

सोलापूरकरांस ह्या विषयाचा विचार मारुती चितमपल्ली यांना वगळून करता येणार नाही. 1932 साली सोलापुरात जन्मलेला हा लेखक वनखात्यातील दीर्घ सेवेनंतर आणि विदर्भातील मोठ्या वास्तव्यानंतर अखेर सोलापुरातच परतला आणि जून 2025 मध्ये तेथेच निवर्तला. रानाची पहिली ओळख त्यांना पुस्तकाने करून दिली नाही. ती आईने आणि लिंबामामांसारख्या माणसांनी करून दिली. त्यांच्या ‘पक्षीकोशा’त प्रादेशिक आणि बोलीतील नावांना जे स्थान मिळाले, त्याचे मूळ मला ह्या बालपणात दिसते. परंतु त्यांनी स्वतः घडविलेली नावे पाहावीत. बगळ्यांच्या वीण-वसाहतीस ‘सारंगागार’, कावळ्यांच्या वसाहतीस ‘काकागार’. हे शब्द सुंदर आहेत, नेमके आहेत आणि पूर्णतः संस्कृतनिष्ठ आहेत. मामांकडून रान शिकलेल्या लेखकालाही नाव देण्याची वेळ येताच संस्कृताच्या दाराशी जावे लागले. मी हा दोष मानीत नाही. मात्र मराठी ज्ञानभाषेला बोलीविषयी अजून किती संकोच वाटतो, हे त्यातून दिसते.

त्या संकोचात मीही वाटेकरी आहे. विद्यार्थिदशेत शब्दसंग्रह करताना दक्षिण सोलापुरातील कानडी नावांसमोर मी ‘अशुद्ध’ असा शेरा लिहीत असे. वळसंग हे सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील गाव. येथे मराठी व कानडी एकाच ओसरीवर नांदतात. गेल्या हिवाळ्यात काही कुटुंबांना घेऊन तेथल्या माळावर जाण्याचा योग आला. मुलांच्या हाती सचित्र पक्षिपुस्तके होती. पिसे गोळा करावयाची, पाने वहीवर ठेवून रंगखडूने त्यांचे ठसे घ्यावयाचे आणि चित्राशी ताडून नाव लिहावयाचे, असा उपक्रम होता. एका लहान मुलीने चित्र पाहताच ‘गुब्बी’ म्हटले. आईने हळूच दटावले, “चिमणी म्हण.” लिंबाच्या पानाखाली तिने ‘बेवू’ लिहिले होते, तेही खोडले गेले. माझा जुना शेरा मला दुसर्‍याच्या तोंडून ऐकू आला.

पुढच्या पानावर माळढोक होता. ‘माळढोक’ ह्या मराठी नावात माळावरचा ढोक, म्हणजे परिचित करकोच्यासारख्या पक्ष्याशी तुलना आहे. तेलुगूत त्यास ‘बट्टमेक’ म्हणतात. मुलीच्या आजीने चष्मा सारखा करीत चित्र पाहिले आणि म्हटले, “एरेभूत.” कानडीत ‘एरे’ म्हणजे काळी जमीन. “उभा असला तर दिसायचा, बसला की मातीत गेला म्हणायचं,” असे तिने मराठीत समजावून सांगितले. भाकरी घेऊन शेतात जाताना तिने तो पाहिला होता. पुस्तकात पक्ष्याची उंची व वजन दिले होते; तो कोणत्या मातीत व कसा दिसेनासा होतो, हे एका शब्दात आजीकडे होते.

सोलापूरजवळ नान्नज येथे माळढोकासाठी 1979 साली अभयारण्य घोषित झाले. 2011 पासून ह्या जातीची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात होते आणि नान्नजच्या गवताळ माळावर तो आता क्वचितच दृष्टीस पडतो. पक्षी गेला की त्याचे ग्रंथातील नाव राहते, कारण ते छापलेले असते. बोलीतील नावाला असा आधार नसतो.

मुलीने विचारले, “मग आता कुठं आहे तो?” आजी माळाकडे पाहत राहिली. माघारी निघताना मुलीच्या वहीत चित्रासमोर दोन नावे होती, एक छापील अक्षरांवरून उतरवलेले आणि दुसरे आजीने उच्चारले तसे लिहिलेले. ह्या खेपेस आईने काही खोडले नाही.