ओमनीओएस : दोन मालकांनंतर

सोलारिस सांभाळणाऱ्यांना अपग्रेडच्या रात्रीची धास्ती असायची. सन मायक्रोसिस्टिम्सने ‘लाइव्ह अपग्रेड’ दिलं होतं खरं, पण त्यासाठी सहसा डिस्कवर वेगळी स्लाइस राखून ठेवायची आणि सिस्टिम तिथे कॉपी होईपर्यंत ताटकळायचं. 2005 मध्ये सोलारिस 10 सोबत झोन आले आणि एका कर्नलवर नांदणारं अख्खं बिऱ्हाड सोबत हलवायची वेळ आली. कोडं सुटलं झेडएफएस या फाइल सिस्टिममुळे. स्नॅपशॉट घेतला, क्लोन केला, की क्षणात दुसरं रूट, म्हणजे नवं ‘बूट एन्व्हायर्नमेंट’, तयार. 2008 पर्यंत ओपनसोलारिसमध्ये त्यासाठी ‘बीईअॅडम’ ही कमांडही आली होती.

जानेवारी 2010 मध्ये सन ओरॅकलच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी ओपनसोलारिसचं दार बंद झालं. ऑगस्टमध्ये त्याच्याच कोडवर इल्युमॉस हा प्रकल्प उभा राहिला. 2012 मध्ये ओमनीटीआय या अमेरिकी कंपनीने त्यावर सर्व्हरपुरतं, सुटसुटीत ओमनीओएस काढलं. एप्रिल 2017 मध्ये तिनेही हात काढून घेतला. जाता जाता मे महिन्यात आलेल्या आवृत्तीत जुन्या ग्रबऐवजी फ्रीबीएसडीचा लोडर आला. निघालेल्या मालकाकडून एवढं काम मिळणं ही चैनच. जुलैमध्ये वापरणारेच पुढे झाले. आरआरडीटूलचे कर्ते टोबी ओएटिकर त्यांत होते. संस्था नोंदली गेली स्वित्झर्लंडमध्ये, आणि तेव्हापासून मे आणि नोव्हेंबर अशा वर्षाला दोन आवृत्त्या निघतात.

या मंडळींचं सगळ्यात चिवट काम मला झोनमध्ये दिसतं. नवं बूट एन्व्हायर्नमेंट तयार होताना प्रत्येक झोनच्या रूटचाही क्लोन निघतो : ‘झेडबीई’च्या शेजारी ‘झेडबीई-1’. कुठला क्लोन कुणाचा, हे मूळ एन्व्हायर्नमेंटच्या यूयूआयडीवरून ठरतं. झोन ‘लिंक्ड’ प्रकारचा असेल तर मुख्य सिस्टिमसोबत त्याचीही पॅकेजं एका दमात बदलता येतात. यादी काढली की चालू एन्व्हायर्नमेंटपुढे ‘एन’ आणि पुढच्या बूटला येणाऱ्यापुढे ‘आर’ दिसतो. बिघडलं तर ‘आर’ जुन्यावर न्यायचा, रीबूट करायचं.

पण माघारी येताना झोनचं रूटही माघारी येतं. मधल्या आठवड्यात झोनच्या ‘व्हार’मध्ये साठलेला डेटाबेस, टपाल, लॉग त्या दुसऱ्या क्लोनमध्येच राहतात. नवख्यांची इथेच फसगत होते, कारण मुख्य सिस्टिमवरच्या घरच्या फायली जागच्या हललेल्या नसतात. म्हणून जाणता माणूस डेटाबेससाठी स्वतंत्र डेटासेट काढून झोनच्या हवाली करतो. तो या अदलाबदलीत सापडत नाही. दुसरी मेख झेडएफएसच्या पूलची, म्हणजे सगळे डेटासेट ज्यात राहतात त्या साठ्याची. नव्या आवृत्तीत शिरताच रूट पूलची नवी वैशिष्ट्यं चालू केली, तर जुन्या कर्नलला तो पूल ओळखू येईलच असं नाही. मग यादीत जुनं एन्व्हायर्नमेंट दिसत असतं, पण त्यावर बूट होत नाही.