जपानी उद्यानांचीं छायाचित्रें : साधन म्हणून त्यांचें परीक्षण

कागदपत्र, ताम्रपट, नाणीं व शिलालेख यांस इतिहासाचीं साधनें म्हणून आपण मान देतों. उद्यानास तो मान सहसा मिळत नाहीं. याचें कारण उघड आहे. ताम्रपटावरील अक्षर शतकें लोटलीं तरी आपल्या जागीं राहतें. बागेंतील झाड मात्र प्रतिवर्षीं वाढतें, छाटलें जातें, मरतें आणि त्याच्या जागीं दुसरें येतें. जी कृति रोज नव्यानें लिहिली जाते, तिची अस्सल प्रत कोणती म्हणावी? जपानी उद्यानांच्या अभ्यासकास हा प्रश्न पदोपदीं पडतो. गेल्या दीडशेंहून अधिक वर्षांत या उद्यानांचीं असंख्य छायाचित्रें निघालीं. तीं रम्य आहेत यांत वाद नाहीं. परंतु पुरावा म्हणून तीं कितपत टिकतात व कोणत्या कसोटीनें वाचावीं, एवढाच विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम पोथीचा पुरावा पाहूं. जपानी उद्यानरचनेवरील उपलब्ध ग्रंथांत सर्वांत जुना 'साकुतेइकी' हा होय. तो अकराव्या शतकांतील असून त्याचें कर्तृत्व ताचिबाना नो तोशित्सुना (इ. स. १०२८–१०९४) याजकडे देतात. ज्या फुजिवारा नो योरिमिची यानें उजी येथें १०५३ सालीं ब्योदोइनचा सुप्रसिद्ध मंडप उभारला, त्याचा हा पुत्र. ग्रंथाची सर्वांत जुनी ज्ञात प्रत दोन गुंडाळ्यांची असून तिजवर १२८९ सालची नोंद आहे. तानिमुरा घराण्याच्या संग्रहांत ती राहिल्यामुळें तिला 'तानिमुरा प्रत' म्हणतात. पुढें हानावा होकिइची (१७४६–१८२१) या अंध पंडितानें सिद्ध केलेल्या 'गुन्शो रुइजू' नामक ग्रंथसंग्रहांत त्याचा समावेश झाला.

या ग्रंथांत चित्र नाहीं. आहेत ते विधि व निषेध. पाण्याचा ओघ पूर्वेकडून आणून दक्षिणेस वळवावा व पश्चिमेकडे काढावा. प्रथम मुख्य शिला बसवावी व तिच्या मागणीस अनुसरून बाकीच्या बसवाव्या. जी शिला मुळांत आडवी होती ती उभी करूं नये, केल्यास अनिष्ट ओढवतें. आपल्या वास्तुशास्त्रांतील दिशाविचाराशीं परिचित असलेल्या वाचकास ही भाषा परकी वाटणार नाहीं. जेथें तळें नाहीं व ओढाहि नाहीं अशा स्थळीं केलेल्या शिलारचनेस 'कारेसानसुइ', म्हणजे शुष्क गिरिजल, हा शब्दहि याच ग्रंथांत आढळतो. परंतु नियम कितीहि बारकाईनें वाचले तरी त्यांवरून एकादें विशिष्ट उद्यान डोळ्यांपुढें उभें राहत नाहीं. पोथी रीत सांगते, रूप सांगत नाहीं.

रूपाचा पुरावा चित्रांत शोधावा लागतो. क्योतो येथील रियोआनजी हें मंदिर होसोकावा कात्सुमोतो यानें १४५० सालीं स्थापिलें. तेथील पांढऱ्या खडीचें व पंधरा शिलांचें अंगण आज जगद्विख्यात आहे. ओसरीवर कोठेंहि बसलें तरी त्या पंधरांपैकीं एक तरी शिला दुसरीच्या आड राहते. हें अंगण केव्हां व कोणीं रचिलें याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं. १७९७ सालीं मंदिरास आग लागली व त्यानंतर दोनच वर्षांनीं, १७९९ त, आकिसातो रितो याचा क्योतोंतील उद्यानांवरील सचित्र ग्रंथ निघाला. त्यांतील चित्रांत लोक खडीवरून खुशाल चालत आहेत! आज खडीवर दांताळें फिरविणाऱ्यावांचून तेथें कोणी पाऊल ठेवीत नाहीं. तेव्हां ओसरीवर निश्चल बसून अंगण न्याहाळणें ही त्या स्थळाची अनादि रीत होय, असें आजच्या छायाचित्रावरून समजणें धाडसाचें ठरेल. आणखी एक गोष्ट. तेथील एका शिलेच्या पाठीमागें दोन माणसांचीं नांवें कोरलेलीं आहेत. पैकीं एक 'कोतारो' असें वाचतात. दुसऱ्याच्या आद्याक्षराविषयीं मतभेद आहे. उद्यानाच्या इतिहासास इतका उपयुक्त लेख ओसरीवरून घेतलेल्या हजारों छायाचित्रांपैकीं एकांतहि दिसावयाचा नाहीं, कारण तो पलीकडल्या अंगास आहे.

आतां छायाचित्रांकडे वळूं. १८५८ सालीं लखनौच्या भग्न इमारतींचीं छायाचित्रें घेणारा फेलिस बेआतो हा १८६३ त योकोहामास जाऊन राहिला. तेथें छायाचित्रांवर हातानें रंग भरण्याचा धंदा भरभराटीस आला व परदेशी प्रवासी तीं चित्रें संग्रहासाठीं विकत नेऊं लागले. अशा चित्रांतील मोसमाचा रंग कुंचल्याचा असतो, झाडाचा नव्हे; म्हणून आकृति ग्राह्य धरली तरी रंगाची साक्ष वगळावी हें बरें. पुढें जोसाया कॉन्डर या तोकियोस्थित इंग्रज वास्तुविशारदानें १८९३ त जपानी उद्यानकलेवर ग्रंथ लिहिला. त्याच्या पुरवणीचीं छायाचित्रें ओगावा काझुमासा यानें जिलेटिनच्या थरावरून शाईनें छापण्याच्या पद्धतीनें सिद्ध केलीं. या शाईच्या ठशांत तळ्यावरील प्रकाश व पाइनच्या फांद्यांचें वळण इतकें कोमल उतरलें आहे कीं, आजच्या संग्राहकासहि तीं पानें हातावेगळीं करवत नाहींत.

परंतु कॉन्डरचा मजकूर बव्हंशीं 'त्सुकियामा तेइझोदेन' (१७३५ व १८२८) यांसारख्या उद्यानपाठांवर आधारलेला आहे. शिन, ग्यो व सो असे उद्यानांचे जे तीन भेद तो सांगतो ते मूळचे अक्षरलेखनांतील : एक रेखीव, दुसरा मध्यम व तिसरा धांवता. आपल्या बाळबोध व मोडी या भेदाची येथें आठवण होईल. छापील पाठांतील हे भेद वाचून जो ओगावाचीं चित्रें पाहील, त्यास प्रत्येक बागेंत ते तीन भेदच दिसतील. मजकूर चित्रास कसा आपल्या मागें ओढतो याचें हें उदाहरण आहे.

छायाचित्राचा खरा गुण त्याच्या अनवधानांत आहे. घेणाऱ्याचें लक्ष शिलांकडे असतें, पण भिंतीवरचें छप्परहि चित्रांत येऊन जातें. रियोआनजीच्या भिंतीवर पूर्वीं कौलें होतीं. १९७० नंतरच्या दशकांत तीं काढून जुन्या पद्धतीचें छप्पर घातलें गेलें. ज्या चित्रांत कौलें दिसतात तें त्या फेरफारापूर्वींचें, एवढा कालनिर्णय तारखेवांचूनहि करतां येतो. किनकाकुजीचा सुवर्णमंडप २ जुलै १९५० रोजीं जळाला व १९५५ त पुन्हां उभा राहिला. जळण्यापूर्वींच्या छायाचित्रांत सोनें बहुतेक झिजलेला, काळसर, वयोवृद्ध मंडप तळ्यांत प्रतिबिंबित झालेला दिसतो. आजच्या चित्रांत तोच झगझगतो. तळें तेंच, पाठभेद दोन.

याच्या उलट, छायाचित्र किती लपवितें हें कात्सुरा येथें दिसतें. राजपुत्र तोशिहितो (१५७९–१६२९) यानें आरंभिलेलें हें उद्यान चालत पाहण्याचें आहे. वाटेचे दगड विषम अंतरावर असल्यानें पाऊल टाकतांना दृष्टि खालीं ठेवावी लागते; जेथें मोठा दगड येतो तेथें मनुष्य थांबतो, मान वर करतो व अकस्मात् तळें उघडें पडतें. ही लपवाछपवी हाच रचनेचा प्राण होय. इशिमोतो यासुहिरो यानें १९५३–५४ त येथें कृष्णधवल चित्रें घेतलीं व १९६० त त्यांचा ग्रंथ निघाला. त्याच्या संपादणींत वास्तुविशारद तांगे केन्झो यानें अनेक चित्रें अशीं कातरलीं कीं, वक्र छपरें गेलीं आणि खांबांच्या सरळ रेषा, शेवाळ व दगड तेवढे उरले. सतराव्या शतकांतील वाडा विसाव्या शतकाचा समकालीन दिसूं लागला! १९८२ त दुरुस्ती संपल्यावर त्याच इशिमोतोनें पुन्हां, या वेळीं रंगांत, चित्रें घेतलीं. तेव्हां पूर्वीं न जाणवलेली सजावट पुढें आली. छायाचित्रासहि संपादक असतो, व संपादक पाठ गाळतो.

हा वाद निव्वळ पंडिती नव्हे. २१ सप्टेंबर १९३४ च्या तुफानानें पश्चिम जपानांतील अनेक उद्यानें उध्वस्त केलीं. पूर्ववत् करावयाचीं तर कशाच्या आधारें, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. शिगेमोरी मिरेई (१८९६–१९७५) यानें देशभर हिंडून शेंकडों उद्यानांची मोजणी केली आणि नकाशे व छायाचित्रें यांचे सव्वीस खंड १९३६ ते १९३९ या काळांत प्रसिद्ध केले. नकाशानें अंतर सांगावें, छायाचित्रानें उंची व आकार सांगावा, अशी ही परस्परपूरक साक्ष होती. त्याच सालच्या पुरानें ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाची हानि झाली व १९४५ च्या बाँबवर्षावांत ती पुन्हां झाली. इकेदा त्सुनामासा यानें १६८७ ते १७०० या काळांत सिद्ध केलेलें हें उद्यान जुन्या चित्रांच्या व आराखड्यांच्या आधारें पुन्हां उभारतां आलें. पुण्यांत सिंहगड रस्त्यावर जें पु. ल. देशपांडे उद्यान आहे, त्याचा आदर्श हेंच कोराकुएन होय. म्हणजे तेथें फिरणाऱ्या पुणेकरास जें रूप भेटतें, त्याच्यामागें जुने कागद जपणाऱ्यांचेहि श्रम आहेत.

यावरून निष्कर्ष असा कीं, उद्यानाचें छायाचित्र म्हणजे त्याची एका दिवसाची, एका स्थानावरून उतरलेली प्रत होय. तिला मूळ मानूं नये व रम्य म्हणून केवळ भिंतीवर टांगूंहि नये. पोथी, चित्र व मोजणी यांशीं ती ताडून पाहावी. ज्यांच्या संग्रहांत असलीं जुनीं चित्रें असतील त्यांनीं त्यांच्या कडा कातरूं नयेत, पाठीवरील मजकूर पुसूं नये, आणि स्थळ, दिशा व साल कळत असल्यास वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवावें. पुढचें तुफान केव्हां येईल हें कोणास ठाऊक नसतें. त्यानंतर जें पुन्हां उभारावयाचें, तें या चिठ्ठ्यांवरून उभारावें लागेल.