पुढच्या रविवारपर्यंत



गेल्या आठवड्यात एका वेब सिरीजचे आठ भाग मी एका रात्रीत संपवले. झोपले तेव्हा तीन वाजले होते. सकाळचं सामायिक चुकलं, आणि दुपारी पात्रांची नावंही आठवेनात. मग जुने दिवस आठवले.

जुलै 1984 मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ सुरू झाली. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन त्यावर दोन शब्द बोलायचे, लोक त्यांना पत्रं लिहायचे. मग 25 जानेवारी 1987 पासून दर रविवारी सकाळी रामानंद सागर यांचं ‘रामायण’. आमच्या वाड्यात टीव्ही एकाच घरी. मंदिरातून आलं की सगळ्या तिथे सतरंजीवर. पुढे आठवडाभर सासूबाई भाजी निवडताना नातींना सांगायच्या, "आपल्या पद्मपुराणात रावणाला लक्ष्मण मारतो. का, सांगा बरं?" मुलींना जैन रामकथा कळली ती अशी, दोन रविवारांच्या मधल्या दिवसांत.

3 जुलै 2000 ला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ आली आणि आठवड्याची वाट एका दिवसावर आली. आपल्या मराठीत ‘चार दिवस सासूचे’चे तर तीन हजारांवर भाग झाले. स्वयंपाकाच्या वेळा मालिका ठरवू लागल्या. तरी दुसऱ्या दिवशी मंदिराच्या पायरीवर विषय तोच, कारण सगळ्या एकाच भागापर्यंत पोचलेल्या असत.

2013 मध्ये नेटफ्लिक्सने ‘हाउस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकाच दिवशी दिले. जानेवारी 2016 मध्ये ते भारतात आलं. आता पुढचा भाग आपोआप सुरू होतो. आमच्या घरी हे एका खोलीत, मी दुसऱ्या, कानात इअरफोन. मी काय पाहिलं हे विचारणारं कोणी नाही.

कॉमर्सवाली आहे, म्हणून हिशेब मांडला. ‘रामायण’चे मूळ 78 भाग, पाऊण तासाचा एक धरला तरी साठ तास भरत नाहीत. अडीच दिवसांत संपेल. आम्हाला ते दीड वर्ष पुरलं.

तेव्हा थांबवायचं काम दूरदर्शन करत होतं, त्यात आपला संयम नव्हता. आता ते काम आपलं. परवापासून आम्ही दोघं रोज एकच भाग बघतो, एकत्र, इअरफोनशिवाय. काल हे सकाळी चहा घेताना म्हणाले, "त्या मुलीचं पुढे काय होईल गं?"

कितीतरी वर्षांनी कोणीतरी विचारलं.