छत्रपती कुणाच्या छावणीत?

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. बहुतेक लोक तिथं पक्षी बघायला जातात, काही वर किल्ल्यावर चढतात. जानेवारी १८१८मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेनं हा किल्ला घेतला. तेव्हा इथल्या किल्लेदाराचा धनी, म्हणजे पेशवा दुसरा बाजीराव, दोन महिने पळत होता. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, पुणं गेलं, शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. आता हुकूम येणार कुठून, कुमक येणार कुणाची?

इंग्रजांची फौज पनवेलला नवी नव्हती. पनवेल तेव्हा बंदर होतं. मुंबईहून खाडीनं यायचं, इथं उतरायचं आणि बोरघाट चढून पुण्याला जायचं, ही नेहमीची वाट. नोव्हेंबर १७७८मध्ये रघुनाथरावाला पेशवा करायला निघालेली इंग्रज फौज याच वाटेनं गेली होती. तिच्या सामानाला हजारो बैल लागले, त्यामुळे चाल गोगलगायीची. कार्ल्याजवळ कॅप्टन स्ट्युअर्ट पडला. मराठ्यांनी शत्रू असूनही त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटलं. जानेवारी १७७९मध्ये वडगावला बाकीच्यांनी हात टेकले. तेव्हाचा प्रश्न होता, पेशवा कोण? चाळीस वर्षांनी प्रश्न बदलला होता. पेशव्यानंतर कोण?

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. पेशवा कितीही बलाढ्य असला तरी कागदावर तो नोकर होता. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहून छत्रपतींकडून यायची. प्रत्यक्षात छत्रपती साताऱ्यात जवळजवळ कैदेत, खर्चासाठी पुण्याच्या तोंडाकडे बघणारे. पण वस्त्रं मात्र त्यांचीच लागायची. १७९५मध्ये सवाई माधवराव निपुत्रिक वारला, तेव्हा बाजीरावाला टाळण्यासाठी त्याच्या धाकट्या भावाला, चिमाजी आपाला, माधवरावाच्या विधवेच्या मांडीवर दत्तक दिलं. चिमाजी नात्यानं माधवरावाचा चुलता. चुलता पुतण्याचा मुलगा झाला! आणि १७९६च्या मे महिन्यात त्यालाही वस्त्रं मिळाली. डिसेंबरात पारडं फिरलं, दत्तकविधान रद्द झालं आणि बाजीराव गादीवर बसला. साताऱ्याच्या कापडाची ताकद किती, हे बाजीरावाइतकं कुणाला ठाऊक असणार?

म्हणून लढाई पेटल्यावर त्यानं खजिन्याइतकीच एका माणसाची काळजी घेतली. छत्रपती प्रतापसिंह, वय पंचवीसच्या आसपास. बाजीरावानं त्यांना आणि घरच्यांना आधी वासोट्याला हलवलं, मग सरळ आपल्या छावणीत आणलं. इंग्रजांच्या हाती ते लागू नयेत, एवढाच हिशेब. पेशव्याची फौज जिथं पळेल तिथं छत्रपती.

एल्फिन्स्टनचाही हिशेब तोच होता, फक्त उलट्या बाजूनं. पेशव्याचं राज्य संपवायचं, हे गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जनं ठरवलं होतं. पण पेशवाईच्या जागी निव्वळ कंपनी आली असती तर सरदार आणि किल्लेदार शेवटपर्यंत झुंजले असते. त्यांना इमान ठेवायला एक नाव हवं होतं. १० फेब्रुवारी १८१८ला साताऱ्याचा किल्ला पडला, तेव्हा इंग्रजांनी त्यावर छत्रपतींचं निशाण चढवलं. खुद्द छत्रपती तेव्हा बाजीरावाच्या तळावर! लगेच जाहीरनामा निघाला: बाजीरावाचं राज्य संपलं, छत्रपतींना छोटं राज्य मिळेल, वतनं-इनामं चालू राहतील आणि दोन महिन्यांत जे बाजीरावाची चाकरी सोडणार नाहीत त्यांच्या जमिनी जातील.

माझ्या मते पेशवाईला सगळ्यात जास्त या कागदानं पोखरलं. तोफेपुढं माणूस हट्टानं उभा राहील. पण वतनापुढं आणि तेही छत्रपतींच्या नावापुढं?

दहा दिवसांनी, २० फेब्रुवारीला, पंढरपूरजवळच्या आष्टीला इंग्रज घोडदळानं पेशव्याच्या फौजेला गाठलं. बापू गोखले लढता लढता पडला. बाजीराव निसटला. छत्रपती, त्यांच्या मातोश्री आणि भाऊ मागे राहिले आणि इंग्रजांकडे आले. पळत्या पेशव्याकडे आता ना पुणं राहिलं, ना सेनापती, ना छत्रपती. एप्रिलमध्ये प्रतापसिंह साताऱ्याच्या गादीवर बसले. बसवणारा एल्फिन्स्टन. सोबत देखरेखीला जेम्स ग्रँट, जो पुढं ग्रँट डफ म्हणून मराठ्यांचा इतिहास लिहिणार होता.

मग किल्ले पटापट पडत गेले. कर्नाळा घेतलेला प्रॉथर मे महिन्यात रायगडाखाली तोफा लावून बसला होता. १० मेला रायगड गेला. गडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. नवरा कुठंतरी उत्तरेच्या वाटेवर आणि बायको शिवाजी महाराजांच्या राजधानीत तोफांच्या माऱ्यात. त्या वर्षाचं सगळं चित्र मला एवढ्यातच दिसतं.

३ जून १८१८ला बाजीराव असीरगडाजवळ माल्कमच्या स्वाधीन झाला. अट: दक्षिण सोडायची, हक्क सोडायचा, बदल्यात वर्षाला आठ लाख. हेस्टिंग्जला हा आकडा फार वाटला. बाजीराव ब्रह्मावर्ताला जाऊन तेहतीस वर्षं जगला. तेव्हा सौदा कुणाला महाग पडला ते बघा.

आणि साताऱ्याचं काय झालं? जे नाव पेशवाई बुडवायला उपयोगी पडलं, ते पुढं नकोसं झालं. प्रतापसिंह खरंच राज्य करू बघत होते, हीच अडचण. १८३९मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि धाकट्या भावाला गादीवर बसवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षं तिथं दारं ठोठावत राहिले. १८४८मध्ये भाऊ वारला, दत्तक नामंजूर झाला, सातारा खालसा.

ब्रह्मावर्तातही तेच. १८५१मध्ये बाजीराव वारला, आठ लाख बंद झाले आणि दत्तकपुत्र नानासाहेबाच्या हाती अर्ज उरले. काशीला चिमाजी आपाच्या पदरी मोरोपंत तांबे नावाचा गृहस्थ होता. त्याची मुलगी मनकर्णिका पुढं झाशीची राणी झाली. तिचंही दत्तकावरूनच बिनसलं. जून १८५८मध्ये ग्वाल्हेर घेतल्यावर बंडवाल्यांनी तिथं दरबार भरवला, नानासाहेबाला पेशवा जाहीर केलं आणि त्याच्या वतीनं रावसाहेब मसनदीवर बसला. बाजीरावानं हक्क सोडल्याला चाळीस वर्षं झाली होती. या खेपेला साताऱ्याहून वस्त्रं पाठवायला कुणी नव्हतं. तीन आठवड्यांच्या आत इंग्रजांनी ग्वाल्हेर परत घेतलं.