मिरग, आर्द्रा आणि सहाशे किलोचा काटा

मंडळी, रोहिणी, मिरग, आर्द्रा ही नावं आपल्या वऱ्हाडात कोणाला समजावून सांगावी लागत नाहीत. तिफण कधी काढायची हे त्यावरच ठरतं. पण हीच नावं विमानांनाही दिली होती, हे किती जणांना ठाऊक आहे? साधी विमानं नव्हेत, बिनइंजिनाची, म्हणजे ग्लायडर. दिल्लीत सफदरजंगला नागरी विमान खात्याचं तांत्रिक केंद्र होतं. तिथे एस. राममृतम आणि त्यांच्यानंतरच्या अभियंत्यांनी देशी ग्लायडर घडवली. १९५८ ला अश्विनी उडालं, १९६१ ला रोहिणी, १९७० ला मृगशीर, १९७९ ला आर्द्रा. मधे एक कार्तिकही होतं. पंचांगाचा क्रम पहा, कार्तिक सोडलं तर बरोबर पाळलाय. सरकारी खात्यात असं काव्य सुचणारी माणसं होती एकेकाळी!

आता ग्लायडरला इंजिन नाही म्हटल्यावर ते वर जातं कसं? पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरला विंच वापरतात. मैदानाच्या एका टोकाला ड्रम, त्यावर लांब दोर. ड्रम जोरात दोर गुंडाळतो आणि ग्लायडर पतंगासारखं वर चढतं. तीन-चारशे मीटरवर दोर सोडायचा. पुढचं काम उन्हाचं. तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठते, घारी तिच्यात पंख न हलवता गोल गोल चढतात, तसंच.

दुसरा मार्ग म्हणजे ग्लायडरला विमानाच्या मागे बांधायचं. पन्नास-साठ मीटर दोर, पुढे ओढणारं विमान, मागे ग्लायडर. तिसरा मार्ग मोटर-ग्लायडरचा. त्याला स्वतःचंच छोटं इंजिन असतं. वर गेलं की बंद करायचं.

खरी अडचण इथूनच सुरू होते, आणि ती आहे काट्यावरची. बाजार समितीत सोयाबीन तोलतात तसं हौशी विमानही कायद्याने तोललं जातं. आपल्याकडे कित्येक वर्षं मायक्रोलाइट म्हणजे माणसांसकट, पेट्रोलसकट ४५० किलो. युरोपातही दोन माणसांच्या मायक्रोलाइटला हाच आकडा होता. अमेरिकेने २००४ साली हलक्या विमानांचा नवा वर्ग काढला आणि ६०० किलोवर रेघ ओढली.

हिशेब करून पहा. दोन माणसं १७० किलो, पेट्रोल ४० किलो. ४५० मधून उरले २४०. त्यात इंजिन, पंख, चाकं, सगळं. आता या विमानाने मागे ग्लायडर ओढायचं म्हणजे इंजिन दमदार हवं, शेपटीकडचा सांगाडा मजबूत हवा. वजन वाढणारच. मोटर-ग्लायडरचं तर याहून वाईट. त्याचे पंख लांबच लांब. ऑस्ट्रियाचं सुपर डिमोना घ्या, पंख सोळा मीटरच्या वर आणि पूर्ण वजन ७७० किलो. स्वभावाने हे विमान गरीब गाय, हळू उतरतं, इंजिन बंद पडलं तरी तरंगत जमिनीवर येतं. पण काट्यावर नापास.

आपल्या एचएएलचं पुष्पक आठवा. १९५८ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे देशभरच्या फ्लाइंग क्लबांत पोट्टे त्यावर शिकले. त्याचं पूर्ण वजन ६१३ किलो. म्हणजे अमेरिकेच्या रेघेवर तेरा किलोनं बाद!

युरोपने २०१८ च्या कायद्यात देशांना ६०० किलोपर्यंत जायची मुभा दिली. अमेरिकेने जुलै २०२५ मध्ये नवा नियम जाहीर केला, त्यात वजनाची अटच काढून टाकली. त्याऐवजी विमान किती कमी वेगात हवेत टिकू शकतं, ते मोजायचं. मला हे पटतं. जमिनीवर आदळताना वेगाचा फटका वर्गाने वाढतो, वजनाचा तसा नाही. मग किलोच का धरून बसायचं? आपल्याकडे १९३४ चा विमान कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. कायदा नवा झालाच आहे तर खालचे नियमही त्याच नजरेने तपासायला काय हरकत आहे?

तुम्ही म्हणाल, वाशिमला याचं काय? आपल्या जिल्ह्यात विमानतळ नाहीच. अकोल्याच्या शिवणीची धावपट्टी लांबवण्याचं घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय, कृषी विद्यापीठाच्या जमिनीवरून. अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, चांगलंच झालं. पण व्यावसायिक पायलट व्हायला २०० तास उड्डाण लागतं, त्याचा खर्च वावर विकूनही भागत नाही. विद्यार्थी पायलटचा परवाना मात्र सोळाव्या वर्षी मिळतो. आणि विंचच्या ग्लायडरला ना लांब डांबरी पट्टी लागते, ना टर्मिनल. शिवणीची आहे ती पट्टी त्याला पुरून उरेल. एप्रिल-मेमधलं वऱ्हाडाचं ऊन तर फुकट आहे.

मोठ्या विमानासाठी शिवणीचा पाठपुरावा करणाऱ्या लोकप्रतिनिधींनी मधल्या काळात हा प्रस्ताव डीजीसीएकडे आणि एनसीसीकडे का नेऊ नये? नागपूरला सोनेगावहून एनसीसीचे कॅडेट मायक्रोलाइट उडवतात. आपल्या जिल्ह्यातलं कोणी तिथे उडलं असेल, किंवा हडपसरला ग्लायडरमध्ये बसलं असेल, तर मला जरूर कळवा. त्यांच्याशी बोलून पुढचा भाग लिहितो.