सर्वदर्शी छायाचित्रण : भोर घाटातील बांधकामे

एका ठिकाणी उभे राहून सभोवार दिसणारा देखावा एकाच सलग चित्रात आणण्याच्या तंत्रास सर्वदर्शी छायाचित्रण असे म्हणतात. नेहमीच्या भिंगाच्या कक्षेत साधारणतः ४०° ते ६०° एवढाच देखावा मावतो. सर्वदर्शी चित्रात तो १२०° पासून संपूर्ण वर्तुळापर्यंत, म्हणजे ३६०° पर्यंत असू शकतो. रेल्वेमार्ग, धरणे, वीजकेंद्रे व महामार्ग यांसारख्या मोठ्या बांधकामांची क्रमवार नोंद ठेवण्यासाठी हे तंत्र उपयुक्त ठरते. निसर्गदृश्य छायाचित्रकाराची वाट पाहू शकते, बांधकाम पाहत नाही. आज सुरुंगाने उडविलेला खडक उद्या तेथे नसतो व आज उघडा असलेला पाया उद्या झाकला जातो. त्यामुळे या कामासाठी उपकरण निवडताना चित्राच्या सुबकतेइतकेच वेगालाही महत्त्व असते आणि त्या निवडीवरच पुढील पिढ्यांना कोणता पुरावा मिळणार हे अवलंबून राहते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा विचार करण्यास रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके विशेष सोयीचे आहेत. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या प्रदेशात उल्हास व पाताळगंगा यांची खोरी आहेत. येथून बोरघाट किंवा भोर घाट चढून खंडाळ्यास जाता येते. रेल्वेचा घाटमार्ग, खोपोलीचे जलविद्युत् केंद्र व मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ही तीन मोठी बांधकामे सुमारे दीडशे वर्षांच्या अवधीत याच टापूत झाली. छायाचित्रणाच्या साधनांतील प्रमुख स्थित्यंतरेही याच अवधीतील आहेत.

घाटमार्गाची उभारणी : ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे अशी धावली. मार्ग पुढे घाटमाथ्यावर नेण्याची योजना कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांच्या देखरेखीखाली आखली गेली. १८५६च्या प्रारंभी भोर घाटाचे काम सुरू झाले. त्याच वर्षी पळसदरीहून खोपोलीपर्यंत रेल्वे पोहोचली, तर घाटमाथ्यावर खंडाळा-पुणे मार्ग १८५८ मध्ये खुला झाला. मधला घाट प्रवाशांना पालखीतून किंवा गाडीरस्त्याने ओलांडावा लागे. घाटमार्गाची लांबी सुमारे २५ किमी. असून त्यात सुमारे ५५८ मी. चढ आहे. त्यासाठी पंचवीस बोगदे खोदावे लागले व आठ मोठे कमानी पूल बांधावे लागले. चढावर गाडीची दिशा उलटी करणारे एक स्थानकही उभारले होते. नव्या मार्गरेषेमुळे १९२९ मध्ये त्याचा वापर थांबला.

मूळ कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडले. त्याच वर्षाच्या आरंभी मजुरीच्या प्रश्नावरून घाटात दंगल झाली होती. त्यांच्यानंतर कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावले; तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःच्या नावे चालू ठेवून व्यवस्थापकांकरवी काम पूर्णत्वास नेले. काम ऐन भरात असताना, म्हणजे १८६१ च्या सुमारास, घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. पटकी व हिवताप यांनी त्यांतील असंख्य लोक दगावले. मार्ग १८६३ मध्ये वाहतुकीस खुला झाला. घाटातील बोगदे, पूल व खोदकामे यांच्या छायाचित्रांचा ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावाशी निगडित असलेला संग्रह हा या बांधकामाचा एक महत्त्वाचा चित्रपुरावा होय.

ओल्या काचेचा काळ : भोर घाटाचे काम सुरू होण्यापूर्वीच मुंबईत छायाचित्रणाची आवड रुजली होती. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या भारतीय सदस्यांपैकी एक होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनीही व्यावसायिक छायाचित्रकार म्हणून नाव मिळविले.

त्या काळची प्रमुख पद्धती म्हणजे फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ओल्या कलोडियनची होय. तीत काचेवर कलोडियनचा थर देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवीत व ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत. चित्र घेतल्यावर थर वाळण्यापूर्वी ती अंधारात विकसित करावी लागे. या सर्व कृतींना मिळून जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळत. कोकणातील उन्हाळ्यात ती आणखी कमी होत. त्यामुळे कॅमेऱ्याबरोबर काळोखा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या व पाणी एवढा संभार हमालांच्या डोक्यावरून न्यावा लागे.

दरी, पूल व डोंगरकडा एका काचेत मावत नसत. अशा वेळी कॅमेरा तिपाईवर ठेवून थोडाथोडा फिरवीत आणि लागोपाठ घेतलेल्या चित्रांचे ठसे कडेला कडा जुळवून चिकटवीत. फेलिचे बेआतो यांनी १८५८ मध्ये लखनौ येथे घेतलेली दृश्ये या जोडचित्रांची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. चार काचांच्या एका दृश्यास तासाच्या आसपास वेळ लागे. तेवढ्यात सावल्या सरकत आणि पहिल्या काचेवरचा प्रकाश चौथीवर उरत नसे. इमारतीच्या किंवा ओसाड रणभूमीच्या चित्रात हा दोष खपून जाई. चालू कामावर मात्र दोन काचांच्या दरम्यान गाडे हलत आणि माणसे जागा बदलत.

प्रत्येक काचेस काही सेकंदांचे उद्‌भासन, म्हणजे प्रकाश पोहोचविण्याचा अवधी, लागत असे. या अवधीत स्थिर उभा राहिलेला मुकादम चित्रात स्पष्ट उमटे. पाटी घेऊन चढणारा मजूर पुसट डागासारखा दिसे किंवा मुळीच दिसत नसे. म्हणून या काळच्या बांधकामांच्या चित्रांत दगड स्पष्ट व श्रम अस्पष्ट असा प्रकार आढळतो. चित्रातील रिकामी जागा पाहून तेथे माणसे नव्हती, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

झटपट चित्रण करू शकणारी साधने याच सुमारास पुढे येत होती. टॉमस सटन यांनी १८५९ मध्ये पाण्याने भरलेल्या गोलाकार भिंगाचे पेटंट घेतले. त्याची कक्षा सुमारे १२०° होती. परंतु त्यासाठी वक्र काच लागे व तिच्यावर सारखा थर देणे अवघड होते. जॉन्सन व हॅरिसन यांच्या १८६२ मधील पँटास्कोपिक कॅमेऱ्यात घड्याळी यंत्रणेने कॅमेरा फिरे व काच एका अरुंद फटीमागून सरकत जाई. ही यंत्रे कल्पक असली, तरी ओल्या काचेच्या मर्यादेतून त्यांची सुटका नव्हती. डोंगरात तंबू लावून काम करणाऱ्यास साधा, दुरुस्त करता येण्याजोगा कॅमेरा व जोडचित्र हीच व्यवहार्य निवड होती.

अपुऱ्या नोंदीची किंमत कधीकधी नंतर मोजावी लागते. १८६७ मध्ये भोर घाटातील एक मोठा कमानी पूल कोसळला आणि या रेल्वेच्या पुलांच्या दगडकामाविषयी गंभीर प्रश्न उपस्थित झाले. दर्शनी घडीव दगडांआड कोणता भराव व कसला चुना आहे, हे पूर्ण झालेल्या पुलाच्या चित्रावरून कळू शकत नाही. ते बांधकाम चालू असताना, उघडे असलेल्या थोड्या दिवसांतच टिपावे लागते.

फिरता कॅमेरा व फिल्म : रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचविलेल्या जिलेटिनच्या कोरड्या काचेमुळे काळोखा तंबू बरोबर नेण्याची गरज संपली. लवचिक फिल्ममुळे वक्र पृष्ठाचाही प्रश्न सुटला. १८९९ च्या सुमारास अल्-व्हिस्टा व कोडॅक पॅनोरॅम हे फिरत्या भिंगाचे हलके कॅमेरे बाजारात आले. १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या सर्कट कॅमेऱ्यात संपूर्ण कॅमेरा तिपाईवर फिरे आणि त्याच प्रमाणात फिल्म फटीमागून सरके. त्यामुळे ३६०° चे सलग चित्र मिळे. पूर्वी तासभर घेणारे काम त्यामुळे काही सेकंदांवर आले.

या साधनांनाही दोष होते. फिरत्या कॅमेऱ्याच्या चित्रात सरळ रूळ किंवा धरणाची सरळ भिंत वाकलेली दिसते. फिरण्याच्या दिशेने चालणारी वस्तू ताणली जाते व उलट दिशेने चालणारी आखूड होते. अशा चित्रावरून थेट मापे घेता येत नाहीत. मात्र कामाचा विस्तार, यंत्रांच्या जागा व मजुरांचे तळ यांची एकत्रित नोंद त्यावरून मिळते. टाटा जलविद्युत् कंपनीने १९१० नंतर लोणावळ्याच्या परिसरात तलाव बांधून पाणी नळांतून ५०० मी. पेक्षा अधिक खाली खोपोलीस आणले. हे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. माथ्यापासून पायथ्यापर्यंत पसरलेल्या अशा कामास केवळ आडवे सर्वदृश्य पुरत नाही, उभ्या कक्षेचीही आवश्यकता असते. आडव्या फिरत्या कॅमेऱ्याची ती मोठीच उणीव होती.

अंकीय साधने : विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाने चित्रे जोडणे शक्य झाले आणि जोडचित्राची जुनी पद्धती नव्या रूपात परत आली. चित्रे जुळण्यासाठी कॅमेरा भिंगाच्या प्रवेशछिद्राभोवती फिरला पाहिजे. अन्यथा जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या मानाने सरकतात. यास पराशय म्हणतात. तो टाळण्यासाठी ठराविक अंशांवर अडकणारे तिपाईशीर्ष वापरतात.

वेगाचा हिशोब मुख्यतः भिंगावर अवलंबून असतो. ३६ × २४ मिमी. संवेदकाच्या कॅमेऱ्यास २४ मिमी. केंद्रांतराचे भिंग लावल्यास संपूर्ण गोलाकार दृश्यासाठी सुमारे २५ ते ३० चित्रे लागतात, ८ मिमी.च्या वर्तुळाकार मत्स्यनेत्री भिंगाने तेच काम ३ ते ४ चित्रांत होते. प्रत्येक चित्रास पाच सेकंद धरले आणि कामावर शंभर ठिकाणे नेमली, तर ३० चित्रांच्या पद्धतीस चार तासांहून अधिक, तर ४ चित्रांच्या पद्धतीस सुमारे ३३ मिनिटे लागतात. चालण्याचा वेळ वेगळा. एकाच वेळी दोन्ही बाजूंचे चित्र घेणारे दोन भिंगांचे छोटे कॅमेरे २०१३ पासून उपलब्ध झाले. ते सर्वांत वेगवान असले, तरी त्यांच्या चित्रांत तपशील कमी असतो, बोगद्यातील अंधारात चित्र खरबरीत येते व दोन भिंगांच्या सांध्याजवळील वस्तू तुटल्यासारखी दिसते. दरीवरील पूल किंवा कडा यांसाठी ड्रोन उपयोगी पडतो. भारतात त्याचा वापर ‘ड्रोन नियम, २०२१’ अनुसार करावा लागतो.

निवडीचे निकष : खालापूर तालुक्यातून जाणाऱ्या व २००२ मध्ये पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप व आडोशी येथे बोगदे आहेत. अशा प्रकारच्या कामावर एकच उपकरण सर्वत्र पुरे पडत नाही. रोजच्या प्रगतीसाठी एका दाबात चित्र घेणारा कॅमेरा योग्य. पाया, पोलाद व खडकाचे थर झाकले जाण्यापूर्वीच्या कायम नोंदीसाठी मत्स्यनेत्री भिंग व तिपाई हवी. वादग्रस्त ठरू शकेल अशा भागासाठी अनेक चित्रांची सावकाश पद्धतीच स्वीकारावी. घाटात जून ते सप्टेंबर धुके व मुसळधार पाऊस असल्याने ओलाव्यापासून संरक्षण असलेले, सुटे भाग कमी असलेले उपकरण श्रेयस्कर ठरते. उपकरण कोणतेही असले, तरी चित्रणाची ठिकाणे निश्चित करून पुन्हा पुन्हा तेथूनच चित्र घ्यावे, दिनांक व दिशा नोंदवावी आणि जोडलेल्या चित्राबरोबर मूळ चित्रेही जपावीत.

भोर घाटाच्या पहिल्या छायाचित्रकारांपुढील मुख्य अडचण वेळेची होती आणि तिच्यामुळे घाट बांधणारी माणसेच चित्रांतून निसटली. आजच्या साधनांनी ती अडचण बहुतांशी दूर केली आहे. कशाची नोंद ठेवायची हे ठरविण्याची जबाबदारी मात्र पूर्वीइतकीच चित्र घेणाऱ्यावर आहे.