रॉबर्ट ब्रूस फूट

रॉबर्ट ब्रूस फूट (२२ सप्टेंबर १८३४ – २९ डिसेंबर १९१२) हे ब्रिटिश भूवैज्ञानिक व पुरातत्त्वज्ञ होते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात त्यांनी सुमारे ३३ वर्षे सेवा केली. भारतातील पुराश्मयुगीन मानवाचा पहिला निश्चित पुरावा त्यांनी उजेडात आणला; त्यामुळे त्यांना भारतीय प्रागितिहासाचे जनक मानले जाते. दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकाच्या भूरचनेचे त्यांनी केलेले वर्णन या प्रदेशाच्या भूविज्ञानाचा पाया ठरले.

प्रारंभिक जीवन व शासकीय सेवा

फूट यांचा जन्म इंग्लंडमधील चेल्टनहॅम येथे झाला. १८५८ मध्ये ते टॉमस ओल्डहॅम यांच्या नेतृत्वाखालील भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात दाखल झाले. त्यांची नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. तमिळचे अभ्यासक रेव्हरंड पीटर पर्सिव्हल हे त्यांचे सासरे होत.

पल्लावरम येथील शोध

३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लावरम येथे जांभ्याच्या खडीत फूट यांना मानवाने घडवलेले दगडी हत्यार सापडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना व विल्यम किंग यांना अत्तिरमपाक्कम येथे अशी आणखी हत्यारे मिळाली. युरोपात मानवाच्या प्राचीनत्वाविषयी वाद चालू असतानाच हा शोध लागल्यामुळे भारतातील मानवी वस्तीचा काळ लिखित इतिहासाच्या कितीतरी मागे गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनानुसार अत्तिरमपाक्कम येथील सर्वांत जुनी हत्यारे सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत.

दक्षिण मराठा देशाचे सर्वेक्षण

सांगली, मिरज, कोल्हापूर, जमखंडी, मुधोळ ही संस्थाने व त्यांच्या लगतचे बेळगाव, धारवाड व कलादगी हे इंग्रजी जिल्हे यांच्या परिसराला त्या काळी ‘दक्षिण मराठा देश’ म्हणत. या प्रदेशाच्या भूरचनेवरील फूट यांचा ग्रंथ १८७६ मध्ये सर्वेक्षण खात्याच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात प्रसिद्ध झाला.

सातारा व सांगली या भागांत पृष्ठभागावर जवळजवळ सर्वत्र दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट आढळतो. त्याच्या खाली काय आहे, हे तेथील दऱ्याखोऱ्यांतून दिसत नाही. दक्षिणेस घटप्रभा व मलप्रभा नद्यांच्या खोऱ्यांत मात्र लाव्हाच्या थरांची कड संपते आणि त्याखालील वालुकाश्म, क्वार्ट्झाइट व चुनखडक उघडे पडतात. या प्राचीन खडकसमूहाला फूट यांनी कलादगी गावावरून नाव दिले. ‘कलादगी’ ही संज्ञा आजही वापरात आहे.

गोकाकजवळील चिकदौली येथे त्यांना गेंड्याच्या नामशेष जातीचे जीवाश्म सापडले. ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’ या नावाने त्यांनी १८७४ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

धारवाड खडकसमूह

दक्षिण भारतातील सोने व लोह असणाऱ्या सुभाजा (शिस्ट) खडकांना फूट यांनी सभोवतालच्या ग्रॅनाइटसदृश खडकांपासून वेगळे काढले व त्यांना ‘धारवाड’ हे नाव दिले. सोन्याच्या शोधास या वर्गीकरणाचा मोठा उपयोग झाला.

निवृत्तीनंतरचे कार्य

१८९१ मध्ये निवृत्त झाल्यावर फूट यांनी बडोदा व नंतर म्हैसूर संस्थानात भूवैज्ञानिक म्हणून काम केले. साबरमतीच्या खोऱ्यात त्यांनी नोंदवलेल्या स्थळांच्या आधारे ह. धी. सांकलिया यांनी १९४१ मध्ये गुजरातेत संशोधन मोहीम हाती घेतली. साडेचारशेहून अधिक स्थळांवरून फूट यांनी गोळा केलेला पुरावस्तूंचा संग्रह १९०४ मध्ये मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने विकत घेतला. अखेरच्या काळात ते यरकौड येथे राहत. कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

पुराश्मयुगीन हत्यारांचा आढळ व क्वार्ट्झाइटची उपलब्धता यांचा संबंध फूट यांनी दाखवला. या विचारामुळे क्वार्ट्झाइट नसलेला महाराष्ट्राचा बेसाल्टी प्रदेश आदिमानवाच्या दृष्टीने प्रतिकूल वाटत असे. वस्तुतः ए. बी. विन यांना १८६५ मध्येच पैठणजवळील मुंगी येथे अकीकाचा छिलका मिळाला होता. पुढे सांकलिया यांना नाशिकजवळील गंगापूर व त्यानंतर नेवासे येथे हत्यारे सापडली. आदिमानवाने येथे स्थानिक काळा दगडही वापरल्याचे त्यावरून स्पष्ट झाले.

सातारा जिल्ह्यातील बेसाल्टखाली काय आहे, याचे उत्तर मात्र एकविसाव्या शतकात कोयना परिसरातील वेधन प्रकल्पातून मिळाले. रासाटी येथे सुमारे ९३० मीटर जाडीच्या लाव्हाथरांखाली कलादगीसारखे अवसादी खडक नसून थेट ग्रॅनाइट व नाइस असल्याचे आढळले. फूट यांनी दक्षिणेकडील कडेवर नोंदवलेला खडकांचा क्रम उत्तरेकडे तसाच चालू राहत नाही, हे त्यामुळे सिद्ध झाले.